माघातली थंडी, सपरीतली रोपं आणि मांजर

प्रश्न : माघ लागला तरी पहाटेचा गारठा हटत नाही. उन्हाळी मिरची-वांग्याचं बी सपरीत ट्रेमध्ये टाकलं. थोडंच उगवलं, तेही लांबट होऊन आडवं पडतं. त्यात मांजर ट्रेमध्येच बसते. काय करावं?
– एक वाचक, साकोली तालुका

उत्तर : मिरचीला उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. माती १५ अंशांवर अडली की बी फुगतं आणि कुजतं. नवं बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका, ट्रेवर प्लास्टिक झाका. पहिले कोंब दिसताच प्लास्टिक काढा, नाहीतर आत बुरशी धरते.

लांबट रोप म्हणजे उजेड कमी. सकाळी नऊपासून ट्रे अंगणात उन्हात ठेवा, दिवस कलताच आत घ्या. आडव्या पडलेल्या रोपाचं बूड बघा : दोऱ्यासारखं बारीक, तपकिरी असेल तर तो मर रोग. तेवढे कप्पे मातीसकट काढून फेका. पाणी सकाळी दहाच्या सुमारास, वरचा थर सुकल्यावरच. संध्याकाळचं पाणी बंदच करा. रात्रभर गार ओल राहिली की हा रोग हमखास पसरतो.

मांजराला मऊ, भुसभुशीत माती उकरायला आवडते. ट्रेवर चार बोटं उंच कोंबड्यांची जाळी बसवा आणि तिला खोक्यात कुटार-पोत्याची वेगळी जागा द्या. तिने घाण केलेली माती वापरू नका. उपटलेली वांगी-टोमॅटोची रोपं बकरीच्या पिल्लांपुढे टाकू नका, तो पाला विषारी असतो.

आणि ऊब यावी म्हणून बंद खोलीत शेगडी मुळीच ठेवू नका. तिच्या वायूने झोपेतच माणूस दगावतो, जनावरही.