मूल्ये सक्तीने परत येतात का?

प्रश्न : सचोटी, साधेपणा, वडीलधाऱ्यांचा मान ही जुनी मूल्ये राष्ट्रजीवनातून नाहीशी होत चालली आहेत. सरकारने ती शाळांतून सक्तीने शिकवली, तर चित्र पालटेल का?

उत्तर : आपली कळकळ मला पटते, उपाय मात्र पटत नाही. १८९७ साली अमरावतीच्या सामाजिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे यांनी पुनरुज्जीवनवाद्यांना विचारले होते की, नेमके कशाचे पुनरुज्जीवन करायचे. जुन्या धर्मशास्त्रांनी मान्य केलेल्या आठ प्रकारच्या विवाहांचे की बारा प्रकारच्या पुत्रांचे? परंपरेत सचोटी आहे, तसा अन्यायही आहे, आणि निवड करण्याची जबाबदारी कोणत्याच पिढीला टळत नाही.

सक्तीचा प्रयोग जपानने करून पाहिला आहे. १८९० मध्ये सम्राट मेइजी यांच्या नावे निघालेल्या शिक्षणविषयक आज्ञापत्रात मातापित्यांची सेवा, भावंडांतील जिव्हाळा, मित्रांशी सचोटी अशी कोणीही मान्य करावीत अशीच मूल्ये होती. पण त्यांच्याच ओळीत, संकटकाळी राष्ट्रासाठी स्वतःला वाहून घेण्याचीही आज्ञा होती. शाळाशाळांतून ते समारंभपूर्वक वाचले जाई, मुले ते पाठ करीत, आणि पुढे लष्करशाहीला याच आज्ञाधारकपणाचा आधार मिळाला. महायुद्धातील पराभवानंतर, १९४८ साली, जपानच्या संसदेने ते रद्द ठरवले. चांगली मूल्येसुद्धा प्रश्न न विचारण्याच्या सवयीबरोबर शिकवली की कशी नासतात, याचे इतके दुःखद उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

डेन्मार्कची वाट वेगळी होती. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग आणि होल्स्टाइन गमावलेल्या त्या देशात, धर्मगुरू आणि विचारवंत ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ पासूनच सुरू झालेली फोक हायस्कुले, म्हणजे तरुणांसाठीच्या निवासी लोकशाळा, झपाट्याने वाढली. शेतकऱ्यांची तरुण मुले हिवाळ्यात तेथे एकत्र राहत, इतिहास आणि मातृभाषा शिकत, गाणी म्हणत, परीक्षा नव्हती. तेथून परतलेल्या अनेकांनी सहकारी चळवळ उभारण्यात पुढाकार घेतला. १८८२ मध्ये पहिली सहकारी डेअरी निघाली, आणि अशा डेअऱ्यांत गाई कितीही असोत, सभासदाला मत एकच असे. दुधात पाणी घातले तर नुकसान साऱ्या गावाचे होत असल्यामुळे सचोटी हा तेथे रोजच्या व्यवहाराचा भाग झाला.

म्हणून शाळेत मूल्यशिक्षणाचा तास वाढवण्याऐवजी वर्गाच्या निधीचा हिशेब मुलांच्याच हाती सोपवावा आणि तो दरमहा सर्वांसमोर वाचला जावा, असे मी सुचवीन. वडीलधाऱ्यांच्या मानाबद्दल एवढेच सांगतो, की त्या हिशेबात शिक्षकांनी घेतलेली रक्कमही लिहिलेली असावी, आणि तिच्याविषयी मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उद्धटपणा म्हटले जाऊ नये.