बाळाच्या हृदयाला छिद्र आहे, असं नुकतंच कळलेल्या ताईला

ताई, रिपोर्टवर 'व्हीएसडी' (म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र) वाचून पायाखालची जमीन सरकते, मला ठाऊक आहे. माझ्या लेकीलाही तेच होतं. आधी डॉक्टरांना छिद्र केवढं आणि कुठे आहे ते विचार. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बंद होतात. मोठ्यांवर शस्त्रक्रिया करतात, आणि त्यानंतर बहुतेक मुलं छान धावतात, खेळतात.

आत्ता तुझं मोठं काम म्हणजे दूध पाजणं. अशी बाळं पिताना दमतात, कपाळाला घाम येतो, मध्येच झोपी जातात. म्हणून थोडं थोडं, पण वरचेवर पाज आणि वजन वहीत लिहीत जा. काटा जरासा पुढे सरकला की मला जो धीर यायचा, तो कुणाच्या समजावण्यानं कधी आला नाही. पिणं एकदम कमी झालं, धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर मध्यरात्रीसुद्धा दवाखाना गाठ.

पैशांची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी कर. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांची मोफत सोय होते.

'ग्रहणात बाहेर गेली होतीस का?' असं विचारतीलच कुणीतरी. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही, बाई. लसी मात्र वेळेवर दे.