क्लायंटचं इंग्रजी कानावर कसं बसवायचं

हिंजवडीत नवीन लागला आहेस, कॉलवर सगळे हसले की तूही हसतोस, पण कळत काहीच नाही. चालतं, घाबरू नकोस. फक्त ती पाचशे वाक्प्रचारांची पीडीएफ आधी डिलीट कर. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपल्या शाळेच्या निबंधात जेवढं दिसतं, तेवढं तिकडच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतं.

आधी क्लायंट कुठला ते बघ. अमेरिकन असेल तर निम्मं ऑफिस बेसबॉलच्या भाषेत बोलतं. ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ. ‘बॉलपार्क’ आकडा मागितला तर एक्सेल उघडून पैशापर्यंत हिशोब करत बसू नकोस. अंदाज हवाय, ‘तीन ते चार आठवडे’ म्हण आणि मोकळा हो. ‘टेबल’ मात्र जपून. ब्रिटिश माणूस मुद्दा ‘टेबल’ करतो तेव्हा तो चर्चेला घेतो, अमेरिकन बाजूला ठेवतो. मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे नोंदी, लिहिताना खात्री करून घे.

आपलंही थोडं तपास. ‘आय पास्ड आऊट इन 2022’ हे ‘पदवी घेतली’ या अर्थाने बाणेरमध्ये चालतं, बॉस्टनमध्ये तू चक्कर येऊन पडलास असं वाटेल.

स्लँग ऐक, समजून घे, बोलायची घाई नको. ते वर्षा-दोन वर्षांत शिळं होतं, आणि मॅनेजरसमोर ‘ब्रो’ तर नकोच. अडलं तर कॉल संपल्यावर चॅटवर सरळ विचार; लोक आनंदाने सांगतात, आपल्या पुण्यातल्यासारखे टोमणे मारत नाहीत.