लिव्हरच्या रुग्णाला उपाशी ठेवू नका

लिव्हरच्या आणि आतड्याच्या जुनाट आजारांबद्दल येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते: ‘पथ्य काटेकोर पाळतोय, तरी माणूस खंगत चाललाय.’ बऱ्याचदा तो त्या पथ्यामुळेच खंगत असतो. म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. औषधांचे डोस मात्र इथून सांगणार नाही. ते तुमचे रिपोर्ट पाहणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना (वय ५८) लिव्हर सिऱ्हॉसिस आहे. सहा महिन्यांपूर्वी वजन ६४ किलो होतं, आजही तेवढंच आहे. पण हातपाय काटकुळे दिसतात. सासूबाई म्हणतात, वजन टिकून आहे तर काळजी कसली? (कराड)

काळजीच करायला हवी. सिऱ्हॉसिस म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक होणं. त्यात पोटात आणि पायांत पाणी साठू शकतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच किलो मांस झडलं आणि पाच लिटर पाणी भरलं, तर काटा जागचा हलत नाही. तेव्हा काट्यापेक्षा माणसाकडे बघा. कानशिलावर खळगा पडलाय का? अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा सपाट झालाय का? खुर्चीत बसवून हात छातीवर दुमडायला सांगा आणि उठायला लावा. गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल, तर मांड्यांचे स्नायू गेले आहेत. हे सगळं डॉक्टरांना सांगा. ते पाणी वजा करून ‘कोरडं वजन’ काढतील आणि जेवणाचा हिशेब त्यावर होईल. मीठ दिवसभरात सगळं मिळून साधारण ५ ग्रॅम. लोणचं, पापड, फरसाण बंद. पण अळणी जेवण घशाखाली उतरतच नसेल तर तेही सांगा. मिठापायी जेवण सुटणं जास्त वाईट.

प्रश्न: काविळीत हळद आणि तेल पूर्ण बंद करावं का? (बार्शी)

नाही. आधी कावीळ कशामुळे झाली ते तपासून घ्या.

प्रश्न: वडिलांना (वय ६२, सिऱ्हॉसिस) दोन महिन्यांपूर्वी भ्रम झाला; माणसं ओळखेनात. अमोनिया वाढल्याचं सांगितलं. घरी आल्यावर नातेवाइकांनी ‘प्रोटीन म्हणजे विष’ म्हणून डाळ, दूध, अंडी बंद करायला लावली. आता मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, उकडलेला दुधी आणि ग्लुकोज पावडर एवढंच देतो. संध्याकाळी सातला जेवतात, सकाळी नऊला चहा घेतात. वजन सात किलोंनी उतरलंय. प्रोटीन सुरू केलं तर पुन्हा भ्रम होईल का? (जालना)

तुम्ही वर्णन केलेलं ताट मी ओपीडीत रोज ऐकते आणि दर वेळी जीव कळवळतो. त्या ताटात पोट भरेल असं काही आहे, पण स्नायूला लागेल असं काही नाही. वरणाचं निवळ म्हणजे हळदीचं पाणी. डाळ खाली पातेल्यात राहते आणि घरातली बाकीची माणसं ती खातात.

हा समज आला कुठून ते सांगते. काही दशकांपूर्वी भ्रम झालेल्या रुग्णाचं प्रोटीन डॉक्टरच तोडायचे. प्रोटीनपासून अमोनिया तयार होतो, आजारी लिव्हरला तो निकामी करता आला नाही तर मेंदूवर परिणाम होतो, म्हणून प्रोटीन कमी करा, असा तो सरळ तर्क. २००४ साली बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी हे पडताळून पाहिलं. भ्रम झालेल्या काही रुग्णांना पहिले दिवस प्रोटीन तोडून आहार दिला, काहींना नेहमीइतकं प्रोटीन दिलं. भ्रम उतरण्यात फरक पडला नाही. उलट ज्यांचं प्रोटीन तोडलं, त्यांच्या शरीराने स्वतःचंच प्रोटीन जास्त मोडून खाल्लं. आणि इथेच खरी मेख आहे. लिव्हर थकलं की अमोनियाची विल्हेवाट लावण्याचं बरंचसं काम स्नायूंवर येतं. म्हणजे भ्रम टाळायला तुम्ही प्रोटीन तोडता, त्याने स्नायू झडतात, आणि स्नायू झडले की भ्रमाचा धोका वाढतो. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या पोषणविषयक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलंय की भ्रम झाला म्हणून प्रोटीन तोडू नये. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. साठ किलोंच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढंच, पाव लिटर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. बेरीज करून बघा म्हणजे सध्याच्या ताटात किती कमी पडतंय ते कळेल. दूध, दही आणि डाळींचं प्रोटीन अशा रुग्णांना जास्त मानवतं, तेव्हा सुरुवात तिथून करा.

दुसरी चूक घड्याळातली आहे. सात ते नऊ, चौदा तास पोट रिकामं! निरोगी लिव्हर ही धान्याने भरलेली कणगी असते. रात्री शरीर त्यातून साखर काढतं. सिऱ्हॉसिसमध्ये ती कणगी जवळजवळ रिकामी असते. आपण दोन-तीन दिवस उपाशी राहिलो तर शरीराची जी अवस्था होते, ती या रुग्णाची एका रात्रीत होते. मग साखर बनवायला शरीर स्नायू मोडतं. रोज रात्री. म्हणून निजण्यापूर्वी खायलाच हवं: दूध-भाकरी, किंवा दोन पोळ्या आणि वाटीभर घट्ट वरण, किंवा दुधात कालवलेलं सातूचं पीठ. पन्नास ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. २००८ साली ऑकलंडमध्ये एकच पूरक आहार काही रुग्णांना दिवसा दिला आणि काहींना रात्री. वर्षभरात मांस भरलं ते रात्री घेणाऱ्यांचं. सकाळीही उठल्याबरोबर काहीतरी खाऊ द्या. दिवसभरात थोडं-थोडं, पाच-सहा वेळा. सध्या दिवसातून दोनदाच जेवायची जी पद्धत घरोघरी चालू आहे, ती सिऱ्हॉसिसच्या रुग्णासाठी नाही.

वडिलांनी दोन महिने नीट खाल्लेलं नाही, त्यामुळे एकदम भरपूर वाढू नका. फार खंगलेल्या माणसाला अचानक पोटभर घातलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून जिवावर बेतू शकतं. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा, रक्त तपासा आणि आहारतज्ज्ञाकडून पायऱ्या आखून घ्या. शौचाला दिवसातून दोन-तीनदा मऊ व्हावी म्हणून दिलेलं पातळ औषध मनाने थांबवू नका. ते औषध थांबवणं हे भ्रम परत येण्याचं नेहमीचं कारण आहे. मधुमेह असेल तर रात्रीच्या खाण्याप्रमाणे त्याची औषधंही बदलावी लागतील.

प्रश्न: मला सिऱ्हॉसिस आहे. आषाढीचा उपवास केला तर चालेल का? (पंढरपूर)

करू नका. राजगिरा, शेंगदाणे, दूध घेऊन दर तीन तासांनी खाणार असाल तर त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. निर्जळी तर अजिबात नको.

प्रश्न: मुलाला (वय २६) अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला व्रण पडणारा जुनाट आजार) आणि पीएससी (पित्तनलिकांचा जुनाट आजार) दोन्ही आहेत. आतडं आता शांत आहे, रक्त पडत नाही, तरी वजन उतरतंय. शौच फिकट, चिकट होते, भांड्याला तेलकट थर राहतो. जिमवाल्याने ‘मास गेनर’चा डबा दिलाय, शिवाय खोबरेल तेल रोज चार चमचे प्यायला सांगितलंय. (ठाणे)

ते तेलकट शौच हे तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. पीएससीमध्ये पित्तनलिका अरुंद होत जातात. पित्त आतड्यात पोचलं नाही तर चरबी पचत नाही आणि तिच्याबरोबर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही निघून जातात. अशा वेळी नेहमीच्या तुपा-तेलाचा काही भाग काढून एमसीटी तेल (मध्यम साखळीची चरबी) देतात, कारण ते पित्ताच्या मदतीशिवायही बरंचसं शोषलं जातं. खोबरेल म्हणजे एमसीटी नव्हे. त्यात सर्वांत जास्त लॉरिक अॅसिड असतं आणि ते आतड्यात बरंचसं लांब साखळीच्या चरबीसारखंच वागतं. बाटलीवर काहीही छापलेलं असो. डब्यातल्या पावडरीत मुख्यतः साखर आणि तत्सम पिष्टमय पदार्थ असतात. त्याने जुलाब वाढले तर पुन्हा कोलायटिसवर संशय जाईल.

पण माझी चिंता वेगळी आहे. पीएससी असताना वजन उतरू लागलं, तर पित्तनलिकेत नवा अडथळा किंवा गाठ तर नाही ना, हे आधी बघावं लागतं. थंडी वाजून ताप, वाढती कावीळ किंवा खाज असेल तर याच दिवशी हॉस्पिटल गाठा. नसेल तरी लिव्हरतज्ज्ञांकडे जाऊन रक्ततपासणी आणि पित्तनलिकांचा एमआरआय याबद्दल विचारा. आणि आतडं शांत असलं तरी दोन्ही आजार एकत्र असताना दर वर्षीची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) चुकवायची नसते, कारण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो.

प्रश्न: भूक लागावी म्हणून मेडिकलमधून टॉनिक आणलं. सोबत गुळवेलाचा काढाही घेते. लिव्हरला चांगला असतो ना? (नाशिक)

दोन्ही आज थांबवा आणि बाटल्या घेऊन डॉक्टरांकडे जा. भुकेच्या टॉनिकांत अनेकदा सायप्रोहेप्टाडिन असतं. त्याने गुंगी येते, आणि सिऱ्हॉसिसच्या रुग्णात ती गुंगी औषधाची की भ्रमाची सुरुवात, हे ओळखणं अवघड होतं. बिनलेबलच्या ‘वजनवाढी’च्या पुड्यांत तर स्टेरॉइड सापडतं, चेहरा गरगरीत होतो, मांस मात्र झडतं. गुळवेलाबद्दल: २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद तज्ज्ञ करतील. ज्याचं लिव्हर आधीच आजारी आहे त्याने स्वतःवर प्रयोग करायचं कारण नाही.

प्रश्न: ताक चालेल का? (सातारा)

हो. मीठ बेताचं घाला.

प्रश्न: वजन उतरतंय, जुलाब होतात. गहू सोडल्यावर बरं वाटलं. आता सीलियाकची तपासणी करू का? (पुणे)

सीलियाक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार. गहू सोडल्यावर केलेली त्याची तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. आधी तपासणी, मग गहू बंद. आता किती दिवस पोळी खाऊन रक्त द्यायचं, ते पोटविकारतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न: बहिणीला (वय ३१) पोटात कळ, संध्याकाळी बारीक ताप, चार महिन्यांत ५४ ची ४७ किलो झाली. एक डॉक्टर क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) म्हणतात, दुसरे आतड्याचा टीबी. घरचे म्हणतात दिवाळीनंतर बघू. (सोलापूर)

दिवाळीची वाट पाहू नका. प्रयत्न न करता सहा महिन्यांत पाच टक्के वजन गेलं तर तपासणी हवी. हिचं तेरा टक्के गेलंय, तेही चार महिन्यांत. दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडलं म्हणून कुणावर रागवू नका. हे दोन आजार दुर्बिणीतून आणि बायोप्सीतही एकमेकांसारखे दिसतात. पण घोळ महागात पडतो. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. क्रोन्स असताना टीबीची औषधं चालू ठेवली तर महिने वाया जातात, आणि त्यांतली काही औषधं लिव्हरलाही इजा करू शकतात. म्हणून कोलोनोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यांची टीबीसाठी जनुकीय चाचणी आणि कल्चर झालंय का ते विचारा. सगळे रिपोर्ट एका फायलीत लावून पोटविकारतज्ज्ञांकडे न्या. तोवर शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, संत्र्याच्या फोडींची सालं देऊ नका. आतडं अरुंद झालं असेल तर ती अडकतात. पोट फुगून उलट्या सुरू झाल्या आणि गॅसही सरकेनासा झाला, तर रात्र असली तरी कॅज्युअल्टीत न्या.