क्राफ्ट बिअर घेताना लेबलाआधी तारीख वाचा

प्रश्न : मी रत्नागिरीत राहतो, खासगी नोकरी करतो. महिन्यातून एक-दोनदा मित्रांबरोबर बिअर होते. पुण्यात भावाबरोबर एका मायक्रोब्रुअरीत गेलो होतो, तेव्हापासून नेहमीची लागर सपक वाटते. पण इथल्या बिअर शॉपीत क्राफ्टची, म्हणजे लहान ब्रुअरीतल्या खास बिअरची, पिंट (छोटी बाटली) जवळपास मोठ्या बाटलीच्या भावात पडते. वेगवेगळ्या आणून पाहिल्या, काही अजिबात आवडल्या नाहीत, पैसे गेले. खिशाला परवडेल आणि पैसे वसूल होतील अशी एक कायमची आवडती बिअर कशी शोधू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त त्या बाटल्यांवर कोणती तारीख होती तेवढं नाही. मला आधी तेच विचारायचं आहे.

तळोज्याच्या एका ब्रुअरीच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी गेली. एकाच टाकीतली बिअर काही बाटल्या फ्रिजमध्ये आणि काही साध्या कपाटात ठेवून आम्ही ठरावीक दिवसांनी चाखायचो. उन्हाळ्यात कपाटातली बिअर इतकी उतरायची, की दोन्ही एकाच टाकीतून निघाल्यात हे नव्या मुलांना पटायचं नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिअर बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. आता एप्रिल-मे महिन्यातलं आपल्याकडचं पत्र्याचं गोडाऊन डोळ्यांसमोर आणा. तिथे पडून राहिलेल्या बिअरला आधी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, मग एक मचूळ गोडसरपणा येतो आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध तर केव्हाच उडून गेलेला असतो. ती नंतर कितीही गार केली तरी गेलेली चव परत येत नाही.

पुण्यात तुम्ही जी प्यायलात, ती बहुधा त्याच इमारतीतल्या टाकीतून थेट नळाला आलेली होती. महाराष्ट्रात ही सोय सुरू झाली ती २००९ मध्ये, पुण्यात डूलाली या मायक्रोब्रुअरीपासून. तिथे बिअरला ना ट्रकचा प्रवास, ना गोडाऊन. रत्नागिरीला येणाऱ्या बाटलीला हे सगळं सोसावं लागतं. म्हणून तुमची आवडनिवड बाजूला ठेवून मी पहिला नियम सांगते : तयार झाल्याची तारीख तीन महिन्यांच्या आतली असेल तरच क्राफ्टला जादा पैसे मोजा. ‘बेस्ट बिफोर’ सहा महिन्यांचं असलं तरी हॉप्सवर उभी असलेली बिअर, म्हणजे आयपीए, पहिल्या दोन-तीन महिन्यांतच खरी लागते. काळी, भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) स्टाउट जरा जास्त टिकते. आणि हे अगदी मनापासून सांगते, मागच्या महिन्यात भरलेली साधी किंगफिशर पाच महिने फळीवर उभ्या असलेल्या आयपीएपेक्षा केव्हाही चांगली लागते, आणि स्वस्तही पडते.

आपल्या किनाऱ्यावर ताजा माल कधी मिळतो, यालाही एक हिशोब आहे. मे महिन्यात आणि डिसेंबरच्या शेवटी पर्यटकांमुळे माल फिरता असतो. गटारीच्या आधीच्या आठवड्यातही दुकानं नव्याने भरलेली असतात. श्रावणात खप बसतो, तेव्हा उरलेला माल तिथेच राहतो, आणि पावसात वीज गेली की फ्रिजही बंद. गणपती झाल्यावर दुकानात पहिल्यांदा जाल तेव्हा तारीख दोनदा पाहा. सरळ फ्रिजमधलीच मागा, बाहेरच्या क्रेटमधली नको. बाटली हिरवी किंवा पांढरी असेल आणि दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली उभी असेल, तर ती घेऊच नका. हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की जळक्या रबरासारखा उग्र वास धरतो. तपकिरी काच बरीचशी वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो. कॅन म्हणजे हलका माल असा आपल्याकडे समज आहे. मी मात्र कोकणात क्राफ्ट बिअर घ्यायची तर कॅनच आधी उचलते.

आता भावाचं बघू. पिंट आणि मोठी बाटली यांची किंमत शेजारी ठेवून तुलना होत नाही, दर शंभर मिलीला किती पडले ते पाहा. आकडे समजण्यापुरते घेते. ६५० मिलीची बाटली १९५ रुपयांना असेल तर शंभर मिली ३० रुपयांना पडले. ५०० मिलीचा कॅन २०० रुपयांना, म्हणजे ४० रुपये. ३३० मिलीची पिंट १६५ रुपयांना, म्हणजे ५० रुपये. तीच बिअर ५०० मिलीच्या कॅनमध्ये मिळत असेल तर पिंट कशाला घ्यायची? परमिट रूममध्ये बसून प्यायलात तर त्यांचा नफा आणि वरचा कर धरून हाच आकडा पुष्कळ वर जातो. नवी बिअर चाखून बघायची असेल तर परमिट रूम हे त्याचं ठिकाण नव्हे.

आणि शोधाची पद्धत. ब्रँडच्या मागे लागू नका, आधी आपल्याला कोणत्या प्रकारची बिअर आवडते ते ठरवा. तुमच्यासारखे तिघं-चौघं मित्र आहेत ना, प्रत्येकाने एकेक वेगळ्या प्रकारची पिंट आणायची : एक गव्हाची, एक आयपीए, एक तांबूस माल्टी एल (माल्टची चव पुढे असलेली बिअर), एक स्टाउट. सगळ्या सारख्याच गार. एकाने आत जाऊन छोट्या ग्लासांत ओतायच्या, बाटल्या आतच ठेवायच्या, नावं शेवटी सांगायची. क्रम हलक्याकडून कडूकडे आणि शेवटी काळी, कारण कडू आधी प्यायलात तर पुढच्या हलकीची चवच लागणार नाही. बर्फासारखी गार नको, फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबा. अति गारठ्यात जीभ बधिर होते आणि मग सगळ्याच बिअर सारख्या लागतात. चखणाही त्या वेळी साधाच ठेवा, खारे दाणे किंवा कुरमुरे. मसाला शेंगदाणे आले की परीक्षा संपली.

पहिला घोट कोणत्याही नव्या बिअरचा मजेदार लागतो, त्यावर निकाल देऊ नका. छोटा ग्लास संपल्यावर यातलीच आणखी प्यावीशी वाटते का, एवढं स्वतःला विचारा. जी जिंकेल ती महिन्याभराने परत आणा, पण वेगळ्या तारखेची. लहान ब्रुअरीत एका टाकीची चव दुसरीपेक्षा थोडी वेगळी निघू शकते. दुसऱ्या खेपेलाही तितकीच आवडली तर तुमची बिअर सापडली.

कुठून सुरुवात करू म्हणाल तर गव्हापासून. यात दोन घराणी आहेत. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. व्हाइट आउलची स्पार्क या घराण्यातली, आणि बिरा ९१ ची व्हाइटही त्याच चवीच्या अंगाने जाते. जर्मन हेफेवाइझनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं किंवा लवंग घातलेली नसते, तो वास यीस्टच आंबताना तयार करतं. मला स्वतःला हेफेवाइझन जास्त आवडते, पण ती ताजी नसेल तर तिच्यात काही उरत नाही. म्हणून रत्नागिरीत राहून कायमची एक निवडायची तर मी विटबिअरच्या बाजूने कौल देईन, तीही कॅनमधली.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये वाद आहे. मित्र म्हणतात, क्राफ्ट वगैरे नखरे आहेत, त्याच पैशात स्ट्राँग घेतली की पैसे वसूल. तुमचं मत? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : हिशोब करून दाखवते. ६५० मिलीची आठ टक्क्यांची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीत ते ४२.८ टक्के असतं, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये जेमतेम १३ मिली. एक स्ट्राँग बाटली प्यायलात की चार छोटे पेग पोटात गेले. पाच टक्क्यांच्या बाटलीत हेच अडीच पेग होतात. अनेक स्ट्राँग बिअरमध्ये हा जोर वाढवायला माल्टबरोबर साखर किंवा तांदूळ-मका वापरतात, त्यामुळे अल्कोहोल वाढतं, चव वाढत नाही. तुमचे मित्र चढण्याचे पैसे मोजत आहेत, तो हिशोब मी कुणालाच करून देणार नाही. तुम्ही चवीचे पैसे मोजताय, ते योग्य आहे. आणि चार पेग पिऊन बाइकवरून घाटरस्त्याने घरी जायचं नसतं, हे मित्रांना आधी सांगा.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ, आम्हा दोघींना कडू बिअर आवडत नाही. घरी बोंबील फ्राय, कोलंबी, कधी तिखट मटण असतं. काय घ्यावं? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : रव्यातल्या कुरकुरीत बोंबलाबरोबर गव्हाचीच घ्या. तिचा फेस जिभेवरचं तेल धुऊन काढतो आणि पुढचा बोंबील पहिल्यासारखा लागतो. कोलंबीबरोबरही तीच. तिखट मटणाबरोबर आयपीए चुकूनही नको : मिरचीचा जाळ आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांना चढवतात, वर बिअरच्या बुडबुड्यांनी तोंड आणखी झोंबतं. तिथे तांबूस, किंचित गोडसर माल्टी एल बरी.

कालवं मिळाली तर मात्र एक स्टाउट आणून बघाच. एकोणिसाव्या शतकात लंडनचे कष्टकरी लोक कालवं आणि काळी बिअर एकत्र खात-पीत, कारण तेव्हा दोन्ही स्वस्त होतं. कालवांचा खारटपणा आणि भाजलेल्या माल्टचा कॉफीसारखा कडवटपणा इतका छान जुळतो, की कडू न आवडणाऱ्या माझ्या भाचीनेही ग्लास संपवला. मुंबईला एखाद्या मायक्रोब्रुअरीत गेलात आणि तिथे गोझ नावाची जर्मन आंबट बिअर असेल तर मागवा. तिच्यात मीठ आणि धणे असतात. सोलकढीवर वाढलेल्या जिभेला ती पहिल्या घोटाला ओळखीची वाटेल. अशा ठिकाणी आधी छोटे टेस्टर मागायला लाजू नका, पुष्कळ जागी ते देतात.

प्रश्न : गोव्यात बिअर खूप स्वस्त, तिथल्या क्राफ्टही चांगल्या. आम्हाला तर पत्रादेवीची हद्द हाकेवर. येताना दोन क्रेट आणल्या तर? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आणू नका. गोव्यातली बिअर स्वस्त आहे ती तिथल्या कमी करामुळे, आणि परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडीसकट जप्ती होऊ शकते. मग तो क्रेट आयुष्यातला सगळ्यात महागडा ठरेल.

प्यायची तर तिथे जाऊन प्या. सावंतवाडी रोडवरून रेल्वेने गोव्यातल्या थिवीला उतरा, गाडी चालवायचा प्रश्नच नको. गोवा ब्रुइंग कंपनीची एट फिंगर एडी ही आयपीए तिच्याच मुलुखात ताजी मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून कडू आवडत असेल तर ती तिथेच चाखा. तारीख तिथेही बघायचीच. आणि इकडे घरी बिअर ठेवत असाल तर पिण्याचा परवाना काढून ठेवा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, घरात कुणी तरुण मंडळी असतील तर त्यांनाही हे सांगा.