प्रवेशाचे पत्रक लिहिताना

प्रिय मुली,

तुझे पत्र आणि सोबतचा पत्रकाचा मसुदा दोनदा वाचला. येत्या जूनमध्ये पहिलीत चार तरी मुले यावीत म्हणून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या त्या वाड्यांवर तू घरोघर जाणार आहेस, आणि शाळेतले उणे पालकांना सांगावे की झाकावे, या पेचात पडली आहेस. मला यात पेच दिसत नाही. उणे सांगावे, आणि पालकाने विचारण्यापूर्वी सांगावे.

तुझ्या मसुद्यात ‘सर्वांगीण विकास’ आहे, ‘आनंददायी शिक्षण’ आहे. शाळेत शिक्षक किती, हे मात्र कुठेच नाही. चार वर्गांना मिळून तुम्ही दोघीच असाल तर दोघीच आहोत असे लिही, आणि त्याच ओळीला जोडून पहिली-दुसरी एका खोलीत कशी बसते, तू एका वर्गाला वाचून दाखवतेस तेव्हा दुसरा काय करतो, तेही लिही. इंग्रजी कोण शिकवते, दुपारचा आहार कोणता बचत गट आणतो, पावसात ओढ्याला पाणी चढले की मुलांना घरी कोण पोचवते, हे आईला हवे असते. सर्वांत मोठी गोष्ट तर तू गाळलीच आहेस: आपली सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते. मोठ्या शाळेत एकदा नाव घातले की दहावीपर्यंतची काळजी मिटते, असा हिशेब करूनच पालक तिकडे वळतात. पाचवीला मूल कुठे जाणार, यावर तू गप्प राहिलीस तर त्यांचा हिशेब बदलणार कसा?

‘आवश्यक कागदपत्रे’ हा मथळा ठळक अक्षरांत सर्वांत वर आहे. तो खाली ने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही आणि उशिरा आलेल्यालाही परत पाठवता येत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला हे कोणी सांगत नाही, आणि कागदांची यादी पाहून ते दारातूनच मागे फिरते.

मातृभाषेतून शिकवण्याबद्दल २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार तू घेतला आहेस, तो योग्य आहे. पण शाळा मराठी आहे, आणि तुझ्या वाड्यावरची मुले घरी कोकणी बोलतात, मजुरांची मुले कन्नड. हे लिहिताना मला एक मुलगा आठवतो. त्याचा बाप कर्नाटकातून कामाला आला होता. ‘माझ्या मुलाला इथे समजेल ना?’ असे त्याने विचारले, आणि पट वाढावा म्हणून मी ‘सगळे जमेल’ असे सांगून नाव घालून घेतले. आमच्या शाळेत कन्नड कोणालाच येत नव्हते. ते मूल वर्षभर भिंतीला टेकून गप्प बसले आणि पुढच्या जूनला आले नाही. खरे सांगितले असते तर बापाने आपल्या घराशेजारच्या खोलीतली, कन्नडबरोबर मराठीही समजणारी चौथीतली मुलगी त्याच्याशेजारी बसवायला नक्कीच सुचवली असती. ती आमच्याच शाळेत होती, आणि हे मला फार उशिरा कळले. उणे सांगितले की पालक त्यावर स्वतःहून उपाय शोधू लागतात, म्हणून ते सांगायचे.

त्यानंतर मी काहीही झाकले नाही. एका वर्षी दोन कुटुंबे सगळे ऐकून दुसरीकडे गेली, तेव्हा माझ्या बोलण्याने शाळा रिकामी होते असे सहकारी म्हणाले. १९६३ नंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव ज्या शाळा उघडल्या, त्यांतल्याच एकीत मी शिकलो. शाळा टिकावी ही तळमळ मला इतरांपेक्षा कमी नव्हती. पट घसरला तो वाड्यावर मुलेच उरली नव्हती म्हणून. जी आली, त्यांचे पालक चौथीपर्यंत ठाम राहिले, आणि ती दोन कुटुंबे गेली त्या वर्षी मी चुकलो होतो असे मला आजही वाटत नाही.

तुझ्या पत्रातली भीती मला समजते; नवी नोकरी आहे, वरून पटाची विचारणा होते. तरीही शोभेची वाक्ये काढून टाक. शिमग्यापूर्वी मसुदा पुन्हा लिहून मला पाठव, आणि पाचवीच्या शाळेला जाणारी बस वाड्यावरून किती वाजता सुटते, हे स्वतः उभे राहून पाहूनच त्यात लिही.

तुझे सर