पुण्यात ओला-सुका वेगळा दिलेला कचरा पुढे एकत्रच होतो का?

तुमचा प्रश्न असा, की पुण्यात नवीन आहात, दोन डबे ठेवता, पण खाली गाडीत सगळं एकाच ठिकाणी पडताना दिसतं. मग वेगळं करण्यात अर्थ काय?

आधी पैसा कुठून येतो ते पाहा, म्हणजे बाकीचं उलगडेल. बऱ्याच शहरांत ठेकेदाराला टनावारी पैसे मिळतात. कचरा जितका जड तितकं बिल मोठं, मग निवडत कोण बसणार? पुण्याच्या मोठ्या भागात दारावरचा कचरा ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उचलते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्यातून ही संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला. सभासदांत बहुसंख्य बायका. महापालिकेचा पगार त्यांना नाही. घरटी महिन्याचं शुल्क मिळतं, आणि सुक्यातून निवडलेला माल भंगारवाल्याला विकून पैसे येतात. म्हणजे तुमचा सुका कचरा कोरडा आणि वेगळा राहणं ही त्यांच्या रोजीची गोष्ट आहे. त्या मुद्दाम एकत्र करतील, हे मला पटत नाही.

तुम्हाला एका गाडीत पडताना दिसतं ते असं: ढकलगाडी एकच असते, पण तिच्यावर ओल्याच्या बादल्या असतात आणि सुक्याच्या गोण्या बाजूला लटकवलेल्या असतात. ओला बादलीत उलटतात, सुका गोणीत. पुढे फीडर पॉइंटवर, म्हणजे ढकलगाड्या जिथे मोठ्या गाडीला भेटतात त्या जागी, महापालिकेच्या गाडीत ओला चढतो. सुका मात्र शेडमध्ये किंवा चक्क रस्त्याकडेला निवडला जातो: पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लास्टिक, पत्रा, काच. प्रत्येकाचा भाव वेगळा. भिजलेल्या कागदाला भाव मिळत नाही, म्हणून आमटीचा एक उघडा डबा अख्ख्या गोणीचं नुकसान करतो. पार्सलचे डबे पाण्याने विसळून टाका, साबण लागत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका; तो बारीक तुकडा कुणीच वेचू शकत नाही.

वेफर्सची चकचकीत पाकिटं सुक्यातच जातात, पण त्यांना गिऱ्हाईक जवळपास नसतं. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने वेगळे करणं परवडत नाही. एटीएमच्या पावत्या रद्दीत घालू नका, त्या कागदावर रसायनाचा लेप असतो.

मग एकत्र होतं कुठे? माझ्या मते सर्वांत जास्त तुमच्या सोसायटीच्या आवारात. जिन्यातला कचरा हाउसकीपिंगवाले गोळा करतात आणि एकाच मोठ्या डब्यात ओततात, कारण त्यांना माल विकायचा नसतो, मजला उरकायचा असतो. वेचक ताईंना दारापर्यंत येऊ देत नसतील, तर खाली चार डबे नुसते ठेवून भागत नाही. पहिल्या मजल्यापासून दोन वेगळ्या बादल्या फिरल्या पाहिजेत. दुसरी गडबड काळ्या पिशवीची. गाठ मारलेल्या पिशवीत काय आहे ते दिसत नाही, आणि सोडायला वेळ नसला की ती तशीच जाते. ओला कचरा पिशवीशिवाय, थेट डब्यातून द्या.

ओल्यातलं प्लास्टिक आणखी पुढे नडतं. शहरात जागोजागी साधारण ५ टन क्षमतेचे बायोगॅस प्रकल्प उभारले गेले. तिथे कचऱ्याचा लगदा करून हवाबंद टाकीत सोडतात. कॅरीबॅग आणि काथ्या यंत्राच्या पात्यांना गुंडाळतात, करवंट्या आणि हाडांनी यंत्र अडतं. म्हणून करवंट्या वेगळ्या द्या. प्रकल्प बंद पडला की कचरा डेपोकडे वळतो, आणि पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी त्या डेपोपायी किती वर्षं दुर्गंधी आणि खराब पाणी सोसलं, हे कुठल्याही पुणेकराला विचारा.

डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा आणि तिसऱ्या पिशवीत द्या. निवडणारा हात बहुतेक वेळा उघडा असतो. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून. एलईडी नसलेल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती न फोडता अख्खी वेगळी द्या. बॅटरी आणि मुदत संपलेली औषधंही निराळी ठेवा.

सोसायटीचा कचरा दिवसाला १०० किलोंच्या वर असेल तर नियमांनी तुम्ही ‘मोठे कचरा निर्माते’ ठरता आणि ओला शक्यतो आवारातच जिरवावा लागतो. खतात ओल्याच्या जोडीला कोरडा पालापाचोळा भरपूर हवा. मूठ आवळल्यावर पाणी निथळलं तर ओल जास्त झाली, आणि वास सुटतो तो तिथूनच.

एवढं करूनही समोर एकत्र होताना दिसलं, तर आधी वेचक ताईंशी बोला. अनेकदा त्या दिवशी बादली फुटलेली असते किंवा गाडीच आलेली नसते. तरी रोज तेच चाललं, तर प्रभागाच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांच्या चौकीवर, मुकादमाला गाठा, सकाळी लवकर. दुपारी कोठीवर कुणी भेटेलच असं नाही.